सगळे म्हणतायत व्हॅक्यूम ट्यूब मेली, मग मी त्यात पीएचडी करू का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

मॅडम नमस्कार, मी नांदेडची, वय २५, ई अँड टीसी करून मायक्रोवेव्हमध्ये एम.टेक. केलंय. माझं कॉलेज साधं होतं, बेसिक कच्चं आहे. आत्ता हातात तीन गोष्टी आहेत. बंगळूरला चिप व्हेरिफिकेशनची नोकरी, साडेनऊ लाखांचं पॅकेज. दुसरं म्हणजे एका सरकारी लॅबमध्ये जेआरएफ, म्हणजे फेलोशिप घेऊन पीएचडी, तिथे हाय पॉवर क्लायस्ट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्हची पॉवर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूब बनवतात. तिसरं, एका युनिव्हर्सिटीत एक सर पीएचडीला घ्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे सगळं सिम्युलेशनचं काम आहे पण पेपर खूप निघतात. मित्र म्हणतात ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतले वॉल्व्ह, मेलेला विषय आहे. मामा रोज ‘काली’ नावाच्या सीक्रेट वेपनचे फॉरवर्ड पाठवतात आणि म्हणतात तू असलं काहीतरी करणार का. आईला रेडिएशनची भीती वाटते, तिच्या डोक्यात बसलंय की पुढे मूलबाळ होणार नाही. बाबा एस.टी.तून रिटायर झालेत आणि माझं एज्युकेशन लोन अजून बाकी आहे. खरं सांगू का, प्रोजेक्टमध्ये स्क्रीनवर इलेक्ट्रॉन बीमचे गठ्ठे बनताना पाहिले तेव्हापासून दुसऱ्या कशात मन लागत नाही. काय करू?

उत्तर:

अगं, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, कारणं मग सांगते. लॅब घे. जिथे ट्यूब खरोखर बनते तीच जागा घे. फक्त हो कळवायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन ये, एकदा त्या लॅबमध्ये आणि एकदा बँकेत.

आता ‘मेलेला विषय’. तुझे मित्र रेडिओ, टीव्ही आणि कॉम्प्युटरबद्दल बोलत असतील तर त्यांचं बरोबर आहे, तिथून वॉल्व्ह गेले ते कायमचे गेले. पण मायक्रोवेव्हमध्ये पॉवर चढवायला लागलीस की गणितच बदलतं. ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन क्रिस्टलमधून आपटत धडपडत जातो आणि जी उष्णता होते ती तिथेच, त्या एवढ्याशा चॅनलमध्ये. बरं फ्रीक्वेन्सी वाढवायची तर तो चॅनल अजून बारीक करावा लागतो, मग व्होल्टेजही फार देता येत नाही, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. व्हॅक्यूममध्ये इलेक्ट्रॉनला आपटायला काही नसतंच, त्याला लाखभर व्होल्ट देऊन पळव, त्याच्याकडून पाहिजे तेवढी एनर्जी काढून घे आणि उरलेला बीम लांब कलेक्टरमध्ये नेऊन टाक, तिथे पाणी फिरवून थंड करता येतं. उष्णता एकीकडे आणि काम दुसरीकडे, ट्यूबची सगळी ताकद ह्या एका गोष्टीत आहे आणि कुठलं नवीन मटेरियल आलं तरी ही गोष्ट बदलत नाही.

तू गठ्ठे पाहिलेस ना, ते आईबाबांना समजावायचं असेल तर खंडाळ्याचा घाट सांग. ट्रक पुढे हळू चाललेत, मागून गाड्या जोरात येतात आणि थोड्या अंतराने सगळे एका जागी गोळा होतात. क्लायस्ट्रॉनची पहिली कॅव्हिटी, म्हणजे धातूची पोकळ डबी, काही इलेक्ट्रॉनना जरा वेग देते, काहींना जरा अडवते, मग पुढच्या रिकाम्या नळीत मागचे पुढच्यांना गाठतात, आणि शेवटच्या कॅव्हिटीत हे गठ्ठे येऊन आपली एनर्जी सोडून देतात. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन ह्या भावांनी हे १९३७ मध्ये स्टॅनफर्डला करून दाखवलं, सिगर्ड तर पायलट होता. आणि ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब ही मायक्रोवेव्ह वाढवणारी दुसरी ट्यूब काढणारा रुडॉल्फ कॉम्पनर शिक्षणाने आर्किटेक्ट होता, व्हिएन्नात शिकला आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला बर्मिंगहॅममध्ये त्याने ती ट्यूब केली. तू पत्रात लिहिलंयस ना की ‘माझं कॉलेज साधं होतं, बेसिक कच्चं आहे’, म्हणून मुद्दाम सांगतेय, ह्या विषयात बाहेरून येऊन मोठं काम केलेली माणसं पहिल्यापासून आहेत.

आणि हा विषय आज कुठे जिवंत आहे ते बघ. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन केंद्रात एलएचसी ह्या प्रोटॉन पळवणाऱ्या मशीनला पॉवर देणारे १६ क्लायस्ट्रॉन आहेत, प्रत्येक ३०० किलोवॅटचा. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला वेंडेलश्टाइन ७-एक्स नावाचं फ्युजनचं मशीन आहे, त्यातला प्लाझ्मा १४० गिगाहर्ट्झचे, साधारण एकेक मेगावॅटचे जायरोट्रॉन तापवतात, त्या पण व्हॅक्यूम ट्यूबच. फ्रान्समधल्या ईटर ह्या आंतरराष्ट्रीय फ्युजन मशीनच्या मूळ आराखड्यात १७० गिगाहर्ट्झचे २४ जायरोट्रॉन आहेत, प्रत्येकी १ मेगावॅट, आणि त्यातले २ द्यायची जबाबदारी भारताची आहे. ती पॉवर बाहेर काढायची खिडकी कृत्रिम हिऱ्याच्या पातळ चकतीची असते, कारण दुसरं कुठलंही मटेरियल एवढी पॉवर सतत सोसत नाही, मला तर आजही त्या खिडकीचं अप्रूप वाटतं. व्हॉयेजर यानं १९७७ मध्ये उडाली, त्यांच्या एक्स-बँड ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबच आहेत. आणि मित्रांच्या घरी मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्यांच्या किचनमध्ये एक मॅग्नेट्रॉन आत्ता सुद्धा बसलेला आहे, तेवढं त्यांना सांगच.

एवढं सांगून दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. खालच्या फ्रीक्वेन्सीला सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टर, खरंच ट्यूबची जागा घेतंय. इंदूरच्या आरआरकॅट ह्या सरकारी लॅबमध्ये इंडस-२ सिंक्रोट्रॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या मशीनला, आधी क्लायस्ट्रॉन होते, तिथे त्यांनी स्वतः बनवलेले ५०५.८ मेगाहर्ट्झचे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर बसवले. फ्रान्सच्या सोलेई सिंक्रोट्रॉनने तर पहिल्यापासून ३५२ मेगाहर्ट्झला तेच वापरलं. त्याचे फायदे खरे आहेत, शेकडो मॉड्यूल असतात, एखादं गेलं तरी मशीन चालू राहतं आणि हाय व्होल्टेजची कटकट नाही. म्हणून पीएचडीचा विषय ठरवताना ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची सतत चालणारी ट्यूब मिळत असेल तर मी तुला नको म्हणेन. एस-बँड (दोन ते चार गिगाहर्ट्झ) किंवा त्याच्या वरचे मेगावॅटचे पल्स नाहीतर मिलिमीटर वेव्ह, इथे ट्यूबला पुढची कितीतरी वर्षं पर्याय दिसत नाही. आणि जुन्या डिव्हाइसमध्ये नवीन काही उरलं नाही असंही नाही हं, सर्नमध्ये गेल्या दशकभरात गठ्ठे बांधायच्या नव्या पद्धती काढून क्लायस्ट्रॉनची एफिशियन्सी साठेक टक्क्यांवरून सत्तरीकडे आणि त्याच्याही पुढे न्यायचं काम जोरात चाललंय, मोठ्या अ‍ॅक्सिलरेटरच्या वीजबिलात त्याचा केवढा फरक पडेल विचार कर.

आता खरा मुद्दा. ह्या क्षेत्रात आज तुटवडा आहे तो ट्यूब बनवता येणाऱ्या माणसांचा, आणि तो भारतातच आहे असं नाही, जगभर आहे. डिझाइन पुस्तकातून शिकता येतं, सॉफ्टवेअर युट्यूबवरून शिकता येतं, पण ऑक्सिजन-फ्री कॉपरच्या कॅव्हिटीला अ‍ॅल्युमिना सिरॅमिक कसं जोडायचं हे फक्त ते केलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतं. ह्या जोडणीला ब्रेझिंग म्हणतात, मध्ये फिलर म्हणून मिश्रधातू वितळवतात; पहिला जोड सोनं-तांब्याच्या फिलरने हजारेक अंशांना, नंतरचा जोड चांदी-तांब्याच्या फिलरने ७८० अंशांना, म्हणजे दुसरा करताना पहिला वितळत नाही, एवढं वाक्य कुणीही पाठ करेल. पण फिलर किती घालायचा, फिक्स्चर तापल्यावर कुठे सरकतं, हायड्रोजन फर्नेसच्या काचेतून बघून वाहिला की नाही ते कसं ओळखायचं, हे कागदावर येतच नाही गं. मी ज्या लॅबमध्ये काम केलं तिथे एक काका होते, आयटीआय झालेले, आमच्यातले सगळे डॉक्टरेटवाले त्यांना विचारल्याशिवाय फर्नेस लावायचे नाहीत. ते रिटायर झाले त्यानंतर बराच काळ एकामागून एक असेंब्ली लीक निघत होत्या, कारण त्यांच्या हाताखाली कुणाला तयारच केलं नव्हतं.

म्हणून लॅब बघायला जाशील तेव्हा गाइडच्या केबिनमध्ये कमी बस आणि शॉप फ्लोअरवर जास्त फिर. फर्नेस चालू आहे का ते बघ, हेलियम लीक डिटेक्टरवर धूळ आहे का ते बघ, मागची ट्यूब कधी हॉट टेस्टला, म्हणजे बीम चालू करून बघायला, लागली होती ते विचार, आणि ब्रेझिंग कोण करतं, इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड कोण अ‍ॅक्टिव्हेट करतं, त्या माणसांच्या नोकरीची किती वर्षं उरलीत हे सुद्धा विचार, ह्यात लाजायचं काही नाही. ती माणसं पुढची चार-पाच वर्षं तिथे असणार असतील तर पीएचडीच्या निमित्ताने तुला जे मिळेल ते साडेनऊ लाखांत विकत मिळत नाही. आणि फर्नेस बंद असेल, शेवटची ट्यूब कधी झाली कुणाला सांगता येत नसेल, तर मग ती जागाही दुसऱ्या नावाने सिम्युलेशनचीच आहे असं समज आणि माझं वरचं उत्तर विसरून जा.

त्या युनिव्हर्सिटीच्या सरांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. सिम्युलेशनशिवाय आज कुणी एक स्क्रू सुद्धा कापत नाही आणि तुलाही त्यात मुरावं लागणारच. पण पार्टिकल-इन-सेल कोडमध्ये, म्हणजे बीमच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, तू कॅथोडला जे सांगशील ते तो करतो. खरा कॅथोड म्हणजे बेरियमने भरलेलं सच्छिद्र टंगस्टन, हजारेक अंशांना तापलेलं, त्याला जरा ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ लागली की एमिशन पडलंच. बीम सरळ जात नाही, कारण मॅग्नेट कुठेतरी केसाएवढा तिरका बसलाय. भिंतीवरून सेकंडरी इलेक्ट्रॉन निघून मल्टिपॅक्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनची वाढत जाणारी साखळी, सुरू होतो. विंडोला तडा जातो. ट्यूब बेकआउटला, म्हणजे आतला वायू निघून जायला, चारशे-पाचशे अंशांवर ठेवायची, पंपिंग चालू ठेवायचं, मग व्होल्टेज थोडं थोडं चढवत कंडिशनिंग करायचं, आर्क आला की मागे यायचं, परत चढवायचं, ह्यात आठवडेच्या आठवडे जातात. ज्याने हे पाहिलंय त्याचं पुढचं सिम्युलेशनही वेगळं असतं, तो आधीच विचारतो की हा भाग मशीनवर कापता येईल का आणि ब्रेझ झाल्यावर ट्यून राहील का. आधी सिम्युलेशन आणि मग हार्डवेअर अशा उलट दिशेने शिकलेली माणसं मी फार थोडी पाहिली.

ह्यात तोटा आहे तोही सांगते. हार्डवेअरवाल्यांचे पेपर कमी निघतात आणि उशिरा निघतात. त्यामुळे जॉइन व्हायच्या आधीच गाइडशी बोलून घे की तुझी थीसिस ट्यूब पूर्ण सील होऊन चालण्यावर टांगलेली नसेल. इलेक्ट्रॉन गनचं डिझाइन आणि बीम टेस्ट, कॅव्हिटीचं कोल्ड टेस्ट (बीमशिवाय) व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझरवर, थर्मल अ‍ॅनालिसिस, हे प्रत्येक आपापल्या पायावर उभं राहणारं चॅप्टर व्हायला हवं, म्हणजे शेवटच्या ब्रेझिंगला लीक निघाली तरी तुझं डॉक्टरेट अडकत नाही. मुलं सातव्या वर्षी रडकुंडीला आलेली पाहिलीत मी, आणि त्यात त्यांची चूक काहीच नसते. पहिल्या दीड वर्षात डिझाइनवर एक पेपर लिहून टाक, आपल्याकडे वेडा ह्या व्हॅक्यूम ट्यूबवाल्यांच्या सोसायटीची कॉन्फरन्स असते तिथे जाऊन बोल, मग आयव्हेक ही ह्याच विषयाची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स. आयव्हेकला गेलीस की कळेल हे जग किती छोटं आहे, थोड्या वर्षांत सगळे सगळ्यांना नावाने ओळखतात, आणि एवढ्या छोट्या जगात चांगलं काम लपून राहत नाही.

पुढे नोकरीचं काय, हे बाबा विचारतीलच. आपल्याकडे ह्या कामाच्या सरकारी जागा म्हणजे पिलानीची सीरी, बंगळूरला डीआरडीओची एमटीआरडीसी आणि बीईएल, गांधीनगरची आयपीआर, इंदूरची आरआरकॅट, मुंबईत ट्रॉम्बेची बीएआरसी, पवईला आयआयटीच्या आवारात समीर. ४२ गिगाहर्ट्झ, २०० किलोवॅटच्या जायरोट्रॉनसाठी सीरी, आयपीआर, समीर, बीएचयू आणि आयआयटी रुरकी असे पाच जण एकत्र आले होते, म्हणजे ही सगळी मंडळी एकमेकांना धरून काम करतात. बाहेर जायचं तर जर्मनीत कार्ल्सरूहे, स्वित्झर्लंडमध्ये लोझान, स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथक्लाइड, अमेरिकेत मेरीलँड, मिशिगन, न्यू मेक्सिको, एमआयटी. पण अमेरिकेचं एक आधीच लक्षात ठेव, तिथे हाय पॉवर मायक्रोवेव्हला पैसा मोठ्या प्रमाणात एअर फोर्स आणि नेव्हीकडून येतो, युनिव्हर्सिटीतलं मूलभूत संशोधन परदेशी मुलांना करता येतं पण पुढे डिफेन्सच्या लॅबमध्ये किंवा तसल्या कंपनीत नोकरी म्हटलं की नागरिकत्व आडवं येतं. दोन-चार हुशार मुलांचं तिथे जाऊन ह्यावरच अडलंय. आणि हे क्षेत्र सोडावंसं वाटलं तरी हाय व्होल्टेज, व्हॅक्यूम, आरएफ हे तिन्ही हातात असलेला माणूस रिकामा राहत नाही, चिप बनवणाऱ्या प्लाझ्मा मशीनमध्ये सुद्धा ह्याच तीन गोष्टी लागतात.

माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची गोष्ट मात्र कॅन्सरची मशीन. रेडिओथेरपीच्या लिनॅकमध्ये, म्हणजे कॅन्सरवर किरणं सोडणाऱ्या मशीनमध्ये, इलेक्ट्रॉनना वेग देणारी मायक्रोवेव्ह पॉवर मॅग्नेट्रॉन नाहीतर क्लायस्ट्रॉनमधूनच येते, मॅग्नेट्रॉन असला तर दोन-तीन मेगावॅटचे, काही मायक्रोसेकंदांचे पल्स. समीरने बनवलेलं लिनॅक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलमध्ये बसलं, आपल्या विदर्भातल्या गावागावांतल्या पेशंटना त्याचा उपयोग झाला. त्या मशीनमधली ट्यूब झिजणारी वस्तू असते, काही काळाने बदलावीच लागते, आणि ती बाहेरून यायला वेळ लागला की इकडे पेशंट थांबून राहतो. कुणी मला विचारलं की ट्यूब बनवायला का शिकायचं तर मी हेच उत्तर देते. तू नांदेडची आहेस, ट्रीटमेंटसाठी मुंबईची गाडी पकडणारी माणसं तू पाहिली असशीलच.

आता मामा. काली-५००० हे बीएआरसीचं पल्स्ड इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर आहे, त्यावर फ्लॅश एक्स-रे आणि हाय पॉवर मायक्रोवेव्हचे प्रयोग झालेत, त्याचे पेपर छापून आलेले आहेत. मार्क्स जनरेटर, पल्स फॉर्मिंग लाइन असं अवजड सामान असलेलं ते प्रयोगशाळेतलं मशीन आहे, डोंगर पाडणारं आणि विमानं वितळवणारं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यात तथ्य नाही. पण मामांच्या प्रश्नातला गंभीर भाग मी उडवून लावणार नाही. ड्रोनचं इलेक्ट्रॉनिक्स जाळण्यासाठी हाय पॉवर मायक्रोवेव्ह हा विषय खरा आहे आणि बऱ्याच देशांत त्यावर काम चाललंय. तुझं ज्ञान तिकडेही चालतं. मी स्वतः अ‍ॅक्सिलरेटर आणि फ्युजनच्या बाजूला राहिले, तो माझा निर्णय, माझे चांगले मित्र रडारच्या आणि डिफेन्सच्या बाजूला गेले आणि ते मनापासून काम करतात. तू तुझा निर्णय पीएचडीच्या आधी घे, कारण प्रोजेक्टला पैसा कुठून येतो त्यावरून पुढचा रस्ता बराचसा ठरून जातो आणि मध्येच वळणं फार जड जातं. जॉइन व्हायच्या आधी विचारायचं, ह्या प्रोजेक्टचा फंड कुणाचा, आणि रिझल्ट छापता येतील का.

पैशाचं बोलू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७ हजार आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झाल्यावर ४२ हजार, वर घरभाडं. साडेनऊ लाखांपुढे हे कमी आहे आणि बाबा रिटायर असताना कमी वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून बँकेत जा म्हटलं. पुढे शिकतेयस म्हणून मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते सुरू व्हायची मुदत, वाढवून मिळेल का ते लेखी विचार, नसेल मिळत तर हप्ता किती बसतो आणि हॉस्टेलमध्ये राहून तो निघतो का हे वहीत मांड आणि बाबांसमोर ठेव. हप्ता जाऊन घरी काहीच पाठवता येत नसेल आणि घर खरंच तुझ्यावर अवलंबून असेल, तर बंगळूरची नोकरी घे, लोन फेड आणि मग ये. ह्या क्षेत्रात २८ व्या वर्षी आलेल्या मुलीला कुणी उशिरा आलीस म्हणत नाही. फक्त त्या काळात लॅबशी संबंध ठेव, नाहीतर सुटतं ते सुटतंच.

शेवटी आई. तिची भीती तिला न हसता समजावून सांग. क्लायस्ट्रॉनमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ काहीही नसतो. मायक्रोवेव्ह वेव्हगाइड नावाच्या धातूच्या नळीच्या आत असते, बाहेर गळत नाही ना हे मीटरने तपासतात, आणि तिची इजा उष्णतेची असते. एक्स-रे मात्र निघतात, दहा-वीस हजार व्होल्टच्या वर इलेक्ट्रॉन धातूवर आपटला की निघणारच, म्हणून ट्यूबभोवती शिसं असतं, दाराला इंटरलॉक असतो, आणि स्विच बंद केला की त्या क्षणी एक्स-रे बंद. कामाच्या वेळी छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज लावायचा, त्याचं रीडिंग ठरावीक काळाने येतं, ते आईला दाखवत जा. इंटरलॉक बायपास करून टेस्ट घेऊ म्हणणारा कितीही सीनियर असला तरी तिथून बाहेर पडायचं. मला स्वतःला रेडिएशनपेक्षा हाय व्होल्टेजची काळजी जास्त वाटते, सप्लाय बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, अर्थिंग रॉड लावल्याशिवाय केजमध्ये हात घालायचा नाही आणि एकटीने हाय व्होल्टेजवर काम करायचं नाही, रात्री कितीही उशीर झाला आणि गाइडला रिझल्ट उद्या हवा असला तरी. पुढे कधी दिवस गेले तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लगेच सांगायचं, तेवढे महिने टेस्ट बेंच सोडून डिझाइन आणि कोल्ड टेस्टचं काम मिळतं, माझ्या बरोबरीच्या बायकांनी हेच केलं आणि त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. आईला फोनवर बोलायचं असेल तर सदराच्या पत्त्यावर तिचा नंबर पाठव, मी बोलेन.